तुरुंगात बढती मिळालेला योसेफ
अभ्यासपाठ : नोकरीच्या ठिकाणी होणारा अन्याय

(बायबल हाताशी घ्यावे : उत्पत्ती अध्याय ३९ ते ४१ आणि ४७, योहान १८:१९-२४, प्रेषितांची कृत्ये १६:१६-४०)



रविवारच्या मिस्सेला तरुणांची बाके रिकामी दिसली की आपल्यापैकी काही जण लगेच म्हणतात, ‘पोरांची श्रद्धा कमी झाली.’ प्रत्येक वेळी तसे नसते. आपली बरीच मुले-मुली त्या वेळी बोरिवलीला, अंधेरीला किंवा इथल्याच एखाद्या मॉलमध्ये डोक्यावर टोपी घालून बर्गर-पिझ्झाच्या काउंटरमागे उभी असतात. आपल्या वाडवडिलांनी केळी, पानवेली आणि भाजीपाला मुंबईच्या बाजारात नेला. नातवंडे त्याच गाडीने शहरात जातात आणि तिथे लोकांना खाऊ घालतात. केंटकी फ्राइड चिकनचे दुकान १९९५ साली बंगळूरला उघडले. डॉमिनोज आणि मॅकडोनल्ड्स १९९६ साली आपल्या देशात आले. मॅकडोनल्ड्सचे मुंबईतले पहिले दुकान त्याच वर्षी वांद्र्याला सुरू झाले. त्यानंतरच्या काळात हा एक मोठा धंदा झाला आणि बारावी किंवा पदवी झालेल्या मुलांसाठी एक शिडीही झाली. क्रू म्हणून लागायचे, मग ट्रेनर, मग शिफ्ट मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर आणि शेवटी आख्ख्या दुकानाचा मॅनेजर. ही शिडी खरी आहे. फ्रायरवर बटाटे तळून सुरुवात केलेली माणसे पुढे वीस-वीस दुकाने सांभाळताना दिसतात. ज्यांच्याकडे ओळखपाळख नाही आणि फाडफाड इंग्रजी नाही, त्यांच्यासाठी अशी शिडी म्हणजे मोठी गोष्ट आहे, हे आधी मान्य करू.

परंतु या शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर जे घडते, ते घेऊन ही मुले अधूनमधून माझ्याकडे येतात. कबुलीसंस्कारासाठी नव्हे, नुसते बोलायला. बहुतेकांचे म्हणणे एकाच वळणाचे असते. ‘फादर, दहा महिने शिफ्ट मी चालवतो, चाव्या माझ्याकडे, गल्ला माझ्याकडे, पण पत्र अजून क्रूचेच आहे.’ ‘माझ्यानंतर लागलेला मुलगा एरिया मॅनेजरच्या ओळखीचा, तो पुढे गेला.’ ‘रात्री दोनला क्लोजिंग केले आणि सकाळी सातला ओपनिंग लावले, शेवटची लोकल गेलेली, मग घरी कधी जायचे?’ ‘गल्ल्यात पाचशे कमी निघाले, कुणाचे ते न विचारता माझ्या पगारातून कापले.’ मुलींचे आणखी एक असते : ‘लग्न कधी करणार, असे विचारतात आणि मग बढतीची यादी दुसऱ्याच नावाने येते.’ कोणत्या कंपनीत, ते मी मुद्दाम लिहीत नाही. ही कुणा एका पाटीची गोष्ट नाही.

घरच्यांकडून या मुलांना दोनच सल्ले मिळतात. बाबा म्हणतात, ‘गप्प बस, नोकरी टिकव, दिवस येतील.’ मामा म्हणतात, ‘सोडून दे, पासपोर्ट काढ.’ काही वेळा तिसरा सल्ला धार्मिक भाषेत येतो : ‘प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे, तू सहन कर.’ आजचा पाठ मुख्यतः या तिसऱ्या सल्ल्याविषयी आहे. तो अर्धवट वाचनातून येतो, असे माझे मत आहे.

सुरुवात योसेफापासून करू. याकोबाचा हा मुलगा कथेच्या आरंभी सतरा वर्षांचा आहे आणि फारोपुढे उभा राहतो तेव्हा तीस वर्षांचा. मधली तेरा वर्षे म्हणजे, आजच्या भाषेत सांगायचे तर, त्याच्या मॅनेजमेंटमधल्या नोकरीचा इतिहास आहे. भावांनी विकले म्हणून तो पोटीफरच्या घरी दास झाला. तिथे कामाने वर चढला. धन्याने सगळा कारभार त्याच्या हाती दिला आणि स्वतःच्या ताटातल्या जेवणापलीकडे कशाची चौकशी ठेवली नाही. मग धन्याच्या पत्नीने त्याच्यावर आळ घेतला. पुरावा काय, तर योसेफाचे वस्त्र तिच्या हातात. (भावांनीही त्याचाच झगा रक्तात बुडवून बापाला पुरावा म्हणून दाखवला होता. त्याच्या अंगावरच्या कपड्यांनी दोन वेळा त्याच्याविषयी खोटे सांगितले.) पोटीफरने चौकशी केली, दोन्ही बाजू ऐकल्या, असे पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. योसेफ थेट तुरुंगात गेला.

तुरुंगात पुन्हा तेच घडते. तुरुंगाधिकाऱ्याने सर्व कैदी त्याच्या ताब्यात दिले आणि तिथले सारे काम योसेफाच्या देखरेखीखाली होऊ लागले. म्हणजे बढती मिळाली. जबाबदारी मिळाली, विश्वास मिळाला, पण बेडी तशीच राहिली. काम अधिकाऱ्याचे आणि दर्जा कैद्याचा. वर ज्या मुलाने ‘पत्र अजून क्रूचेच आहे’ असे म्हटले, त्याने एकोणचाळिसाव्या अध्यायाचा शेवट वाचावा.

आता पुढचा अध्याय नीट पाहा. आपण प्रवचनांतून योसेफाचा संयम ऐकलेला असतो, त्यामुळे चाळिसाव्या अध्यायातली दोन वचने, चौदावे आणि पंधरावे, नजरेतून निसटतात. फारोचा प्यालेबरदार तुरुंगात असतो. योसेफ त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगतो आणि तीन दिवसांत तो सुटणार असे सांगतो. लगेच तो एक मागणी करतो. तुझे बरे झाले की फारोजवळ माझी गोष्ट काढ, अशी विनंती करतो आणि आपल्यावर काय झाले तेही सांगतो : इब्र्यांच्या देशातून मला चोरून आणले आणि इथेही मी काही केले नसताना मला या अंधारकोठडीत घातले. म्हणजे हा संयमी माणूस गप्प नव्हता. आपल्यावर अन्याय झाला, हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले, ज्याच्या हाती काही करणे आहे अशा माणसाला सांगितले आणि योग्य वेळ पाहून सांगितले. आणखी एक पाहा. त्याने भावांची नावे घेतली नाहीत, पोटीफरच्या पत्नीची बदनामी केली नाही. स्वतःची बाजू तेवढी मांडली. प्यालेबरदार मात्र सुटल्यावर दोन वर्षे त्याला विसरला. एच.आर.ला पाठवलेल्या ईमेलला उत्तर न येण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही दोन वर्षे मी समजावून सांगायला नको.

आता गालाचा प्रश्न. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्याविषयी शिकवले, हे खरेच. पण प्रत्यक्ष प्रभूच्या गालावर थप्पड पडली तेव्हा काय झाले? योहानाच्या शुभवर्तमानात, प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई प्रभूला चपराक मारतो. प्रभू त्याला उलट मारत नाही, शिव्याशाप देत नाही. गप्पही राहत नाही. तो शिपायाला विचारतो : मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे आणि बरोबर बोललो असेन तर मारतोस कशाला? या प्रश्नात सूडाची इच्छा नाही, आणि लाचारीही नाही. मारणाऱ्यालाच तो कारण द्यायला लावतो. आता हाच प्रश्न नोकरीतल्या पत्राच्या भाषेत लिहून पाहा : ‘माझ्या वार्षिक मूल्यमापनात कमी गुण कोणत्या चुकीबद्दल दिले ते कृपया लेखी कळवावे. चूक नसल्यास बढती का थांबली तेही कळवावे.’ हे लिहिणारा तरुण उद्धट नाही आणि ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरुद्धही वागत नाही.

संत पौल तर एक पाऊल पुढे जातात. फिलिप्पै शहरात त्यांना आणि सीला यांना चौकशीशिवाय छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांकरवी निरोप पाठवला की त्यांना सोडून द्या. कुणीही म्हणाला असता, सुटलो बाबा, चला. पौल म्हणाले, आम्ही रोमी नागरिक. आम्हाला उघडपणे मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावे. अधिकारी घाबरले आणि आले. पौलांनी नागरिकत्वाचा कायदा वापरला आणि त्यात त्यांना विश्वासाची काही अडचण वाटली नाही. मला वाटते, हे त्यांनी स्वतःपुरते केले नसावे. त्या शहरात लुदियेच्या घरी नुकतीच एक लहान ख्रिस्तसभा जमू लागली होती. पौल मुकाट्याने गेले असते तर मागे राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी कुणीही बडवले असते. दुकानात एकाने रीतसर तक्रार केली की पुढच्या मुलाचे पैसे कापताना कुणीतरी दोनदा विचार करतो, तो याच कारणाने.

पौलांना आपला हक्क ठाऊक होता. आपल्या मुलांना बहुधा नसतो, म्हणून थोडे कायद्याचे.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे आणि आठवड्याच्या ४८ तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दर आहे. पण व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला तो कायदा लागू होत नाही. गोम इथेच आहे. दुकानाला वरून ठरवून दिलेले असते की विक्रीच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त खर्च मजुरीवर होता कामा नये. विक्री कमी झाली की क्रूला लवकर घरी पाठवले जाते आणि उरलेली भांडी, फरशी, मोजदाद सगळी त्या एका माणसाच्या अंगावर येते, ज्याचा पगार महिन्याचा ठरलेला आहे आणि म्हणून ज्याचा जादा तास हिशेबात शून्य रुपयांचा असतो. त्या माणसाला ‘मॅनेजर’ म्हणतात. ही युक्ती आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत २०२३ साली तीन अर्थतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, जादा कामाचा मोबदला ज्या पगारापर्यंत सक्तीचा होता, ती मर्यादा ओलांडताच मॅनेजर म्हणवणाऱ्या पदांची संख्या जवळजवळ पाचपट होत होती.

आपल्या न्यायालयांनी मात्र नुसत्या नावाला भुलायचे नाकारले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सिबा गायगी कंपनीच्या खटल्यात सांगितले की माणूस कामगार आहे की नाही, हे पदाच्या नावावरून ठरवायचे नाही, त्याचे मुख्य काम काय आहे त्यावरून ठरवायचे. तेव्हा दिवसातले सात तास फ्रायरवर आणि एक तास रोस्टरवर घालवणाऱ्याने आपल्या कामाची रोजची नोंद एका वहीत ठेवावी. योसेफाजवळ स्वतःच्या बाजूचा पुरावा नव्हता, आपल्याजवळ असू शकतो.

नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यांतली वेतन संहिता क्रूलाही लागू आहे आणि मॅनेजरलाही. गल्ल्यातली तूट पगारातून कापायची तर ती त्या माणसाच्याच हयगयीमुळे झाली असली पाहिजे आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. नोकरी सोडली किंवा गेली तर राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. पगारात व भरतीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. नेमणूकपत्र देणेही आता बंधनकारक आहे. आणि मुलींच्या बाबतीत हद्द ओलांडली गेली, तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. ‘बघू, नाताळ होऊ दे’ म्हणत तो काळ घालवू नये.

इथे मला एक खडा मारायचा आहे. प्रत्येक गैरसोय म्हणजे अन्याय नव्हे. मॅनेजरचे प्रशिक्षण घेताना संडास धुवायला लावले म्हणून रडत आलेल्याला मी चहा दिला आणि परत पाठवला. सगळेच धुतात, त्यालाही धुवायला लागले तर बिघडले कुठे? क्लोजिंग पाळीपाळीने येत असेल तर ते कष्ट आहेत, अन्याय नाही. ज्याला बढती मिळाली तो खरोखर अधिक लायक असेल, तर आपल्याला झोंबते तो मत्सर. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात याची फार व्यवहारी कसोटी दिली आहे. त्यांचे उदाहरण प्राध्यापकाच्या जागेचे आहे. ज्ञान पुरेसे आहे म्हणून एखाद्याला ती जागा दिली, तर देणाऱ्याने योग्य कारण पाहिले. तो अमुक माणूस आहे एवढेच पाहून दिली, तर त्याने तोंड पाहिले. तोंड पाहून पद वाटणे हे वाटणीच्या न्यायाविरुद्धचे पाप आहे. तेव्हा तक्रार लिहिण्याआधी स्वतःलाच विचारावे : त्याच्यात काय होते जे माझ्यात नाही? याचे प्रामाणिक उत्तर सापडले तर ते शिकून घ्यावे. ‘फक्त ओळख’ एवढेच उत्तर उरले तर मग लिहावे. राग येण्यात पाप आहे का, असेही मुले विचारतात. त्याच संतांच्या मते विवेकाच्या लगामात राहिलेला राग पाप नाही; उलट जिथे राग यायला हवा तिथे तो मुळीच न येणे हा दोष ठरू शकतो.

ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवणही आपल्या मुलांच्या बाजूने बोलते. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरूम नोवारूम’ हे विश्वपत्र काढले. त्यात त्यांनी सांगितले की कामगाराने कबूल केले, एवढ्यावरून वेतन न्याय्य ठरत नाही. पोट हातावर असलेला माणूस कशावरही सही करतो. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच विश्वपत्राची आठवण काढली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’मध्ये प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला. दुकानातला मॅनेजर समोर दिसतो. पण त्याचे हात बांधणारे टक्के, नियम आणि करार दुसरीकडे ठरतात. पाटीवरचे नाव बऱ्याचदा परदेशातल्या कंपनीचे आणि दुकान चालवणारी कंपनी इथली असते. आणि रात्री साडेअकराला पिझ्झा मागवून तीस मिनिटांत आला नाही म्हणून त्या पोरावर ओरडणारे आपणही या साखळीत कुठेतरी आहोत. तक्रार करताना हे लक्षात ठेवले तर समोरच्या मॅनेजरकडे शत्रू म्हणून पाहिले जात नाही. तोही कदाचित तुरुंगात बढती मिळालेला असेल.

आता योसेफाच्या कथेचा तो भाग, जो आपण सहसा वाचत नाही. योसेफ वर गेला, मिसर देशाचा कारभारी झाला. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवून त्याने दुष्काळात लोकांचे जीव वाचवले. हे मोठे काम होते. पण सत्तेचाळिसाव्या अध्यायात पाहा. लोक धान्य मागायला येतात तेव्हा तो आधी त्यांचा पैसा घेतो, पुढे गुरेढोरे, त्यानंतर जमिनी आणि शेवटी ती माणसेच फारोची दास होतात. (पुरोहितांच्या जमिनी मात्र सोडल्या, असेही तिथे लिहिले आहे. आम्हा धर्मगुरूंनी ते वाक्य हळू वाचावे.) ज्याला स्वतःला वीस रुप्याच्या नाण्यांना विकले होते, त्याच्याच हातून एक अख्खा देश दास्यात गेला. लोकांनी त्याचे आभार मानले, हे खरे. तरी मला हा अध्याय वाचताना अस्वस्थ वाटते. पुढे निर्गमच्या पुस्तकात त्याच मिसरात योसेफाच्याच वंशजांवर मुकादम बसले.

मॅनेजर होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना खरी परीक्षा इथे आहे. अन्याय सोसून वर गेलेला माणूस पुष्कळदा म्हणतो, ‘आम्ही नाही का केले? यांनाही करू दे.’ बढतीचे पत्र मिळाल्यावर पहिले रोस्टर तुम्ही लावाल, तेव्हा दोनच्या क्लोजिंगनंतर सातचे ओपनिंग कुणाच्या नावापुढे येते ते पाहा. गल्ला कमी निघाला तर आधी विचारा, मग कापा. हिंदू मुलाला दिवाळीला आणि मुसलमान मुलीला ईदला सोडा, त्या दिवशी तुम्ही उभे राहा. नाताळला आणि पुण्यशुक्रवारी ते तुमच्यासाठी उभे राहतील. असे करणारी मुले आपल्या धर्मग्रामात आहेत. रविवारी सुट्टी मिळतच नसेल, तर शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यासाठी चालते, हेही पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

आणि हीच मोजपट्टी घराच्या व चर्चच्या आवारातही लागू आहे. आपल्या वाडीत फुले तोडायला येणाऱ्या बाईचे तास, आपल्या दुकानातल्या पोऱ्याची सुट्टी, चर्चच्या आवारात झाडलोट करणाऱ्याचा पगार वेळेवर होतो की नाही. संत याकोबांच्या पत्राचा पाचवा अध्याय शेतात कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी बोलतो तेव्हा तो लहान मालकाला वेगळा काढत नाही.

लघु ख्रिस्ती समूहांच्या या महिन्याच्या बैठकीत उत्पत्ती ४०:१४-१५ आणि योहान १८:२२-२३ ही वचने वाचून पुढील प्रश्नांवर बोलावे. योसेफ प्यालेबरदाराशी जे बोलला, ते मी माझ्या कामाच्या ठिकाणी कुणाशी बोलू शकतो? माझ्या हाताखाली कोण आहे आणि तो माझ्याविषयी घरी काय सांगत असेल? बैठकीला आईवडिलांनी मुलांना घेऊन यावे. ज्यांची पाळी असेल त्यांच्यासाठी बैठक सोमवारी किंवा मंगळवारी ठेवली तरी चालेल, त्या दिवशी दुकानांत गर्दी कमी असते. नोकरीसंबंधी कुणाला विचारायचे असेल तर रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर मी कार्यालयात असतो. येताना नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि तासांची वही बरोबर आणावी.